शून्याची गंगाजळी

फुकट ते पौष्टिक ही वृत्ती फक्त आपल्याकडंच आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ऑनलाइन पोकरमधली ‘फ्रीरोल’ स्पर्धा बघावी. प्रवेश मोफत, आणि बक्षीस म्हणजे हजारो लोकांत मिळून वाटायचे थोडेसे डॉलर. कित्येक जण नाव नोंदवून चहा प्यायला गेलेले असतात. जे हजर असतात त्यांतले बरेच पहिल्याच डावाला सगळ्या चिपा मधे लोटून मोकळे होतात; हरलं तर हरलं, आपल्या बापाचं काय जातंय! या धुमश्चक्रीत दोन-तीन तास तग धरून अगदी शेवटच्या मोजक्यांत पोचलात, तर हाती एखाद-दुसरा डॉलर पडतो.

२००६ साली या गर्दीत ख्रिस फर्ग्युसन नावाचा माणूस बसायचा. पाठीवर रुळणारे केस, दाढी, डोक्यावर काउबॉयची हॅट. पोकरवाले त्याला ‘जीझस’ म्हणायचे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यानं संगणकशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती आणि वडील त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, २००० साली लास वेगासची ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा ५१२ जणांमधून त्यानं जिंकली होती, बक्षीस १५ लाख डॉलर. शेवटच्या डावात त्याच्याकडं एक्का-नव्वी होती आणि समोरच्या टी. जे. क्लाउटिअरकडं एक्का-राणी. अशा जोडीत नव्वीवाला साधारण चारातून एकदा जिंकतो. टेबलावरचं शेवटचं पान उलटलं ते बदामची नव्वी.

आणि आता हा जगज्जेता एका डॉलरसाठी फुकट्यांच्या रांगेत. त्यानं जाहीरच केलं होतं, की फुल टिल्ट पोकर या साइटवर खात्यात शून्य ठेवून सुरुवात करायची, पदरचा एक सेंटही घालायचा नाही, आणि १०,००० डॉलर करून दाखवायचे. ती साइट उभी करणाऱ्यांत तो स्वतःच होता, म्हणजे यात जाहिरात होतीच. पण त्या जाहिरातीसाठी त्यानं स्वतःवर जे नियम लादून घेतले, त्यांच्यावर अख्खं एक प्रकरण लिहावंसं वाटतं.

पोकरवाले ज्याला ‘बँकरोल’ म्हणतात त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे: गंगाजळी. गंगेचं पाणी ठेवायचं भांडं. ते रोजच्या तहानेला उघडायचं नसतं, म्हणून राखीव निधीलाही तोच शब्द चिकटला. घरभाडं, किराणा, मुलांची फी या सगळ्यापासून वेगळी काढलेली, फक्त खेळासाठीची रक्कम म्हणजे बँकरोल. तो संपला की खेळाडू संपला, मग डोकं कितीही तल्लख असो.

फर्ग्युसनचे नियम तीन. पहिला, रोख टेबलावर किंवा एका टेबलाच्या छोट्या स्पर्धेत बसताना गंगाजळीच्या ५ टक्क्यांहून जास्त लावायचे नाहीत. दुसरा, शेकडो लोकांच्या मोठ्या स्पर्धेचं प्रवेशशुल्क २ टक्क्यांच्या आत हवं. तिसरा सगळ्यांत विचित्र. रोख टेबलावर जिंकता जिंकता समोरचे पैसे गंगाजळीच्या १० टक्क्यांवर गेले, तर ब्लाइंड आपल्यापर्यंत येताच उठायचं. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीनं टाकायची रक्कम, आपल्या तीन पत्तीतला ‘बूट’च, फक्त इथं तो दर डावाला दोघांकडूनच आळीपाळीनं घेतला जातो.

हरताना उठा, असं कुणीही सांगेल. हा जिंकताना उठायला सांगतो. गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटलेल्या कुणालाही विचारा, रात्री तीन वाजता समोर नोटांचा ढीग असताना उठणाऱ्याला बाकीचे काय म्हणतात ते! पण हिशोब सरळ आहे. टेबलावर जे समोर आहे ते सगळं एका डावात जाऊ शकतं. जिंकलेलं असलं तरी ते आता आपलंच आहे, आणि गंगाजळीचा दहावा हिस्सा एका पानावर टांगायचा नाही, एवढंच तो नियम म्हणतो.

नियमांना एक पळवाट ठेवावी लागली होती, कारण शून्याचे २ टक्के शून्यच. म्हणून एका डॉलरची मोठी स्पर्धा आणि अडीच डॉलरपर्यंतचं छोटं टेबल केव्हाही चालेल अशी सूट त्यानं घेतली. परिणाम असा, की तळाशी असताना त्याला नियमांचं संरक्षणच नव्हतं. फ्रीरोलमध्ये एक-दोन डॉलर मिळायचे, ते लावले की जायचे, आणि गृहस्थ पुन्हा फुकटच्या रांगेत. हे कित्येक महिने चाललं. जगज्जेत्याला मोजके काही डॉलर टिकवायला कित्येक महिने लागले, ही गोष्ट ज्यांना ‘घरबसल्या पोकरमधून कमवा’ अशा जाहिराती भुरळ घालतात त्यांनी दोनदा वाचावी.

मग एका डॉलरच्या एका स्पर्धेत सहाशेहून जास्त लोकांमध्ये तो दुसरा आला आणि १०४ डॉलर मिळाले. एका डॉलरचे एका रात्रीत १०४! आता गाठीला तेवढेच होते असं धरून दुसरा नियम लावा: १०४चे २ टक्के म्हणजे २ डॉलर ८ सेंट. म्हणजे एवढा पराक्रम करून माणूस कुठं पोचला, तर एका डॉलरच्या स्पर्धेतून दोन डॉलरच्या स्पर्धेत. आपल्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी वीस डॉलरची स्पर्धा गाठली असती. ‘हात चालतोय’ ना!

हात चालतोय म्हणजे नेमकं काय, हे कागदावर मांडून बघू. मोठ्या स्पर्धेत साधारण दहा-पंधरा टक्के लोकांना काहीतरी मिळतं, बाकीचे रिकाम्या हातानं जातात. ज्यांना मिळतं त्यांतल्या बहुतेकांना प्रवेशशुल्काच्या दीड-दोन पट. खरा पैसा शेवटच्या चार-पाच जणांत वाटला जातो. समजा तुम्ही चांगले खेळाडू आहात आणि १५ टक्के स्पर्धांत बक्षिसात येता. तरी लागोपाठ दहा स्पर्धांत हाती काहीच न लागण्याची शक्यता जवळपास पाचात एक. लागोपाठ वीस रिकाम्या जाण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास. चार टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण ऑनलाइन खेळणारा वर्षाला पाचशे स्पर्धा सहज खेळतो आणि तेवढ्यात वीस स्पर्धांचा दुष्काळ एकदा तरी पडणार हे जवळजवळ नक्की. तेव्हा तुम्ही वाईट खेळत असाल असंही नाही. मृगाचा पाऊस चुकला म्हणून शेतकऱ्याला पेरता येत नाही असं कुणी म्हणत नाही.

दुष्काळात बियाणं शिल्लक राहतं की नाही, हा खरा प्रश्न. १०० डॉलरवाल्या तिघांना हा वीस स्पर्धांचा दुष्काळ दाखवू. पहिला दर वेळी उरलेल्याच्या २ टक्के लावतो. वीस हारींनंतर त्याच्याकडं ६६-६७ डॉलर आहेत. तोंड वाकडं झालंय, पण दुकान उघडं आहे. दुसरा १० टक्के लावतो. त्याच्याकडं १२ डॉलर. तिसरा मर्द गडी चौथा हिस्सा लावतो, आणि त्याच्या खात्यात ३२ सेंट उरले आहेत. तिघांचं कौशल्य एकच, पानंही तीच.

पण मग छोट्या टेबलाला ५ टक्के आणि मोठ्या स्पर्धेला २ टक्के का? याचं उत्तर अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या जॉन केली यांच्या १९५६च्या एका शोधनिबंधात सापडतं. तो निबंध खरं तर तारेवरून जाणाऱ्या संदेशांच्या गणितावर होता, पण त्यातून निघालेलं सूत्र जुगारी आणि शेअर बाजारवाले दोघांनी उचललं. पोकरच्या भाषेत ढोबळमानानं असं: आपली सरासरी आघाडी जितकी मोठी तितका लावायचा हिस्सा वाढवा, आणि हेलकावे जितके मोठे तितका कमी करा. नऊ जणांच्या टेबलावर तिघांना बक्षीस असतं, त्यामुळं हेलकावे बेताचे. सातशे जणांत पहिल्या पाचात येण्यावर वर्षाची कमाई अवलंबून असेल, तर हेलकावे प्रचंड. माझ्या हिशोबानं खूप मोठ्या स्पर्धांना २ टक्केही जास्तच होतात. अनेक व्यावसायिक खेळाडू शंभर किंवा त्याहून जास्त प्रवेशशुल्कांएवढी गाठ बाळगतात ते उगाच नाही.

तरीही ज्याच्याकडं पैसा थोडा आहे तो स्पर्धांकडंच वळतो, आणि त्यामागं शहाणपण आहे. स्पर्धेत तोटा आधीच ठरलेला असतो. एक डॉलर भरला, चिपा मिळाल्या. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. रात्री तीन वाजता पाकिटातून आणखी पाचशे काढायची सोय नाही. आणि वर जायची वाट मात्र मोकळी, एकाचे १०४.

शिवाय ‘सॅटेलाइट’ नावाचा जिना असतो. म्हणजे छोटं शुल्क भरून खेळायची अशी स्पर्धा, जिचं बक्षीस रोख नसून मोठ्या स्पर्धेचं तिकीट. २००३ साली टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशोबनीस (आडनाव खरंच मनीमेकर) ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून चढत चढत १०,००० डॉलर प्रवेशशुल्काच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. वाटेत एक मजा झाली होती. तिकीट पहिल्या तिघांना होतं आणि चौथ्याला ८,००० डॉलर रोख. डोक्यावर देणी असल्यामुळं आपण मुद्दाम चौथं यायच्या बेतात होतो, मित्रानं अडवलं, असं त्यानं पुढं सांगितलं. २००४ साली त्याच स्पर्धेला २,५७६ लोक आले, २००६ साली ८,७७३. प्रत्येकाच्या मनात ८६ डॉलर होते. फर्ग्युसनचा नियम लावला तर ८६ डॉलरची स्पर्धा खेळायला गाठीला ४,३०० हवेत, आणि १०,०००ची खेळायला पाच लाख. पण हा हिशोब त्या वर्षांत कुणाला ऐकायचा होता?

सॅटेलाइटमध्ये पानांची किंमत कशी उलटीपालटी होते, हे एका डावात दिसतं. समजा तिकिटं दहा आहेत आणि खेळाडू उरलेत अकरा. तुमच्याकडं ६०,००० चिपा आहेत. कोपऱ्यातल्या एकाकडं फक्त ३,००० उरल्यात आणि पुढच्याच डावाला त्याला ४,०००चा ब्लाइंड टाकायचाय, म्हणजे त्याची सगळी पुंजी आपोआप मधे जाणार. अशात तुम्हाला दोन एक्के येतात. होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला हातात दोनच पानं असतात आणि पाच पानं टेबलावर सगळ्यांची सामाईक. तेव्हा दोन एक्के म्हणजे यापेक्षा वरचं काही नाहीच. तुमच्या आधी टेबलावरचा सगळ्यांत धनाढ्य खेळाडू त्याच्या सगळ्या चिपा पुढं लोटतो. तुमच्याहून जास्त आहेत त्याच्याकडं. काय कराल?

एक्के खाली टाकायचे. दोन एक्के कुठल्याही दोन पानांविरुद्ध साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे अंगावर घेतलं तर शंभरातून पंधरा वेळा तुम्ही तिकिटाविना बाहेर. गप्प बसलात तर दोन-तीन मिनिटांत तो ३,०००वाला जातो आणि तिकीट जवळजवळ शंभर टक्के तुमचं. चिपा दुप्पट केल्यानं तिकिटं दोन मिळत नाहीत. हे गणित ऐकायला सोपं, पण बोट बटणावर ठेवून दोन एक्के टाकायचे म्हणजे पंगतीत वाढलेली पुरणपोळी परत करण्यासारखं आहे. मी पाच-दहा रुपयांच्या रमीच्या पलीकडं कधी गेलो नाही, आणि या एका डावावरून का गेलो नाही ते मला चांगलं कळतं.

साध्या स्पर्धेत याच टप्प्यावर उलटं वागावं लागतं. बक्षिसाची हद्द दोन-चार माणसांवर आली की सगळे आखडतात. तीन तास बसून रिकाम्या हातानं कोण जाईल? त्या भीतीचा फायदा घेऊन, चांगली पानं नसतानाही रक्कम वाढवून, इतरांचे ब्लाइंड उचलत राहणं हेच तिथलं कौशल्य. नॉर्वेच्या आनेट ओब्रेस्तादनं याचा अफलातून पुरावा दिला. २००७ साली चार डॉलरच्या १८० जणांच्या स्पर्धेत ती स्वतःची पानं दिसू नयेत म्हणून स्क्रीनवर पट्टी चिकटवून बसली. अख्ख्या स्पर्धेत फक्त एकदा तिनं पानं पाहिली. आणि ती स्पर्धा जिंकली. कोण कुठं बसलंय, कुणाकडं किती उरलंय, कोण घाबरलंय, एवढ्यावर. ओब्रेस्ताद हीही फ्रीरोलमधूनच वर आली होती, तेही पंधराव्या वर्षी, म्हणजे वयाच्या नियमात बसत नसताना. त्याच २००७च्या सप्टेंबरात, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिनं लंडनमध्ये वर्ल्ड सिरीजची युरोपातली मुख्य स्पर्धा जिंकली, बक्षीस दहा लाख पाउंड. अशी नावं सांगायला दोन-तीनच असतात हे मात्र विसरू नये. फ्रीरोलमध्ये चहा प्यायला गेलेल्यांवर कुणी लिहीत नाही.

आता ‘नाल’. जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून स्वतःचा वाटा काढतो, त्याला आपल्याकडं नाल म्हणतात. पोकरवाले रेक म्हणतात. एक डॉलरच्या स्पर्धेला एक डॉलर दहा सेंट घेतले जातात आणि वरचे दहा सेंट घराचे, असं धरा. टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज त्यामुळं कायम उणे असते. उत्तम खेळाडू दर स्पर्धेला लावलेल्याच्या वीस टक्के सरासरी कमावतो असं मानलं, तर ते झाले २२ सेंट. एका स्पर्धेला सरासरी दोन तास लागले तर तासाला ११ सेंट. म्हणूनच ऑनलाइन खेळणारे एका वेळी चार-आठ टेबलं उघडून बसतात, आणि म्हणूनच नाल थोडी वाढली तरी सगळा खेळ कोसळतो. भारतात १ ऑक्टोबर २०२३पासून खात्यात भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हा पोकरवाल्यांच्या पोटात गोळा आला तो याच हिशोबानं. वीस टक्के कमावणाऱ्यानं अठ्ठावीस टक्के कुठून आणायचे? पुढं तोही प्रश्न उरला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वादच बाजूला ठेवून. देशी पोकर साइट्सनी पैशाची टेबलं बंद केली. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकर चालतं, पण तिथं एका डॉलरची स्पर्धा नसते आणि फ्रीरोलवाला तिथं जाऊन काय करणार!

फर्ग्युसनचे १०,००० डॉलर झाले. सुमारे दीड वर्ष लागलं. त्याचे नियम साइटवर छापले गेले, आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यावरून आपापल्या छोट्या गंगाजळ्या सुरू केल्या: पाच डॉलर, चाळीस डॉलर, दोनशे डॉलर. सगळ्या फुल टिल्टच्या खात्यांत.

१५ एप्रिल २०११, शुक्रवार. अमेरिकी सरकारनं तीन मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली, फुल टिल्ट त्यांतली एक. सप्टेंबरात सरकारी वकिलांनी न्यायालयात जे मांडलं ते असं: ३१ मार्चला कंपनी खेळाडूंचं सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते साधारण ६ कोटी. खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवले आहेत असं सांगितलं जात होतं, पण चार वर्षांत ४४ कोटींच्या आसपास रक्कम मालकांत वाटली गेली होती. संचालक म्हणून त्या दिवाणी दाव्यात ज्यांची नावं आली त्यांत ख्रिस फर्ग्युसन होता. २०१३ साली त्यानं कुठलाही गुन्हा कबूल न करता तडजोड केली. २०१६ साली तो वर्ल्ड सिरीजमध्ये परतला, २०१७ साली वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१८ साली एका छोट्या व्हिडिओत त्यानं खेळाडूंची माफी मागितली.

दोन टक्क्यांचा नियम गंगाजळीतून किती उपसायचं ते सांगतो. भांडं कुणाच्या माजघरात ठेवलंय, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. २०१२ साली प्रतिस्पर्धी पोकरस्टार्सनं सरकारशी ७३ कोटी डॉलरचा समझोता करून फुल टिल्ट ताब्यात घेतली, आणि अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळू लागले ते फेब्रुवारी २०१४मध्ये. प्रत्येकाची रक्कम त्या शुक्रवारी खात्यात जेवढी दिसत होती, तेवढीच धरली गेली. चाळीसवाल्याचे चाळीस.